उडत्या विमानावर नेम

मुलांनो, मारेगावच्या रस्त्यावरून तुमचा मित्र सायकलवर भरधाव चालला आहे आणि तुम्हांला त्याच्याकडे चेंडू फेकायचा आहे, असे समजा. तो दिसतो तिथेच चेंडू फेकलात तर काय होईल? चेंडू पोहोचेपर्यंत मित्र पुढे गेलेला असेल. म्हणून तुम्ही नकळत थोडा पुढे चेंडू फेकता. किती पुढे, हे कोणी मोजून देत नाही. ते अंदाजाने कळते.

'अंदाज' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. उर्दूत ज्याला 'निशाना' म्हणतात, त्याला मराठीत 'नेम' म्हणतात. 'गोलंदाज' म्हणजे आज क्रिकेटमध्ये चेंडू टाकणारा. पूर्वी तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत. नेम धरणे हे त्याचे कामच होते!

संगणकावर विमानयुद्धाचे खेळ असतात. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. त्यांत नवा खेळाडू हमखास एक चूक करतो. तो समोरच्या विमानावरच नेम धरतो आणि गोळ्या मागून निघून जातात. असे का होते? आपण हिशेब करू. शत्रूचे विमान आपल्या समोरून आडवे चालले आहे. त्याचा वेग ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर आहे. ते ४०० मीटर दूर आहे. गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते असे धरले, तर तिला पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात विमान ५० मीटर पुढे जाते! दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर विमान सुमारे ९ मीटर लांब होते. म्हणजे पाच विमानांच्या लांबीहूनही अधिक पुढे नेम धरावा लागेल. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात गोळी सुमारे सव्वा मीटर खाली येते, ते वेगळेच.

यावर सोपा उपाय म्हणजे जवळ जाणे. अंतर १०० मीटर असेल, तर विमान साडेबारा मीटरच पुढे जाते. शत्रूच्या अगदी मागे गेलात, तर पुढचा नेम जवळजवळ लागतच नाही. पण जवळ जायला धीर लागतो. नवा खेळाडू दुरूनच गोळ्या उधळतो. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांत आठ मशीनगन होत्या, तरी सगळ्या गोळ्या सुमारे १५ सेकंदांत संपत. म्हणून मलान नावाचा प्रसिद्ध वैमानिक सांगत असे, की एक-दोन सेकंदच गोळीबार करा. आणखी एक गोष्ट. विमान आडवे घसरत असेल, तर गोळ्याही बाजूला जातात. घसरण दाखवणारी छोटी गोटी समोरच्या फलकावर असते. ती मधोमध आहे ना, हे आधी पाहावे.

कॅनडाचा बर्लिंग १९४२ साली माल्टा बेटावर लढत होता. दुरून विमान जेवढे दिसते तेवढाच सरडा दिसेल, इतक्या अंतरावरून तो सरड्यांवर पिस्तुलाने नेम धरी. बिचाऱ्या सरड्यांचा काय दोष! पण आडव्या जाणाऱ्या विमानावर त्याच्यासारखा नेम फार थोड्यांचा होता.

आपल्या देशातही असा एक वैमानिक होऊन गेला. इंद्रलाल रॉय यांचा जन्म १८९८ साली कोलकात्यात झाला. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश विमानदलात दाखल झाले. १९१७ साली त्यांचे विमान कोसळले आणि ते जखमी झाले. तरी बरे होऊन ते पुन्हा आकाशात गेले. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत त्यांनी दहा विजय मिळवले.

त्या दहा विमानांतही माणसे होती. खेळात विमान पडले, की एक कळ दाबून पुन्हा उडता येते. २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात रॉय यांच्याच विमानाला आग लागली आणि ते खाली आले. तेव्हा ते १९ वर्षांचे होते. फ्रान्समधील त्यांच्या कबरीवर बंगाली भाषेतही मजकूर कोरलेला आहे.

शब्दार्थ : भरधाव – फार वेगाने, हमखास – नक्की, उधळणे – वाटेल तसे खर्च करणे, कळ – बटण.

करून पाहा : विमान २०० मीटर दूर असेल, तर किती मीटर पुढे नेम धरावा लागेल?