शिवणीची आतली बाजू

शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-१९, नीतिसूत्रे ३१:१०-३१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२
पाठांतरासाठी : नीतिसूत्रे ३१:३१

मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. त्या काळी हे बंदर मोठे श्रीमंत होते. इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या वखारी तेथे होत्या आणि सुरतेहून कापड दूरदूरच्या देशांत जात असे. आज आपली माणसे सुरतेस जातात ती पोटासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहतात. नंदुरबार-नवापूरकडील ख्रिस्ती घरेही त्यांत आहेत. पुरुष यंत्रमागावर, कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्यांत, नाही तर रिंग रोडवरील कापड मार्केटात काम करतात. बायका घरी बसून साडीला लेस लावणे, खडे-टिकल्या चिकटवणे, सुटे धागे कापणे अशी कामे नगावर करतात.

अशा घरांतून आणखी एक उद्योग चालतो. स्वयंपाक आटोपला की शिलाई मशीन पुढे ओढायचे, लहान मुलांची झबली, टोपडी, फ्रॉक, चड्ड्या शिवायच्या आणि बाजाराच्या दिवशी चादर पसरून विकायच्या. सुरतेत कापडाला तोटा नाही. मार्केटातले उरलेले तुकडे वजनावरही मिळतात. परंतु सुरतेचे बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचे. साडीला ते शोभते, पण तान्ह्या बाळाच्या अंगाला घाम शोषणारे मऊ सुती कापडच हवे, आणि ते पदरचे पैसे मोजून आणावे लागते.

हा केवळ पोटाचा धंदा आहे, की ख्रिस्ती विश्वासाला त्याविषयी काही सांगायचे आहे? या पाठात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

१. हन्नाचा लहानसा झगा

शमुवेल शिलो येथे एली याजकाजवळ परमेश्वराची सेवा करीत होता. त्याची आई हन्ना दर वर्षी आपल्या पतीबरोबर वार्षिक यज्ञासाठी तेथे जाई आणि त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेई. एवढीच गोष्ट शास्त्राने सांगितली आहे; पण शिवणाऱ्या बाईला तिच्यातले पुष्कळ कळेल. मूल जवळ नाही, माप घेता येत नाही, आणि वर्षभरात ते किती वाढले असेल हे मनानेच ताडायचे. प्रत्येक वर्षीचा झगा आदल्या वर्षीपेक्षा मोठा.

लहान मुलांचा कपडा हा वाढत्या अंगाचा कपडा असतो. म्हणून जाणती बाई फ्रॉकच्या घेराला खाली दोन-तीन इंच दुमड ठेवते आणि बाजूच्या शिवणीत कापड राखते, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून तोच फ्रॉक वाढवता येतो. सुती कापड आटते, म्हणून बेतण्याआधी ते धुऊन घेते. गरीब घरातील आईचे पैसे यामुळे वाचतात. असे शिवणे हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याचेच एक रूप आहे, असे आम्हांस वाटते.

२. दुर्कस देत होती, गृहिणी विकत होती

यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या जीवनाची साक्ष कपड्यांनी दिली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील मंडळ्यांत गरिबांसाठी कपडे शिवणारी स्त्रियांची मंडळे निघाली, ती तिच्याच नावाने ओळखली जात.

यामुळे आपल्या मंडळ्यांत नकळत एक समज रुजला आहे. फुकट शिवून देते ती सेविका. शिवून विकते ती मात्र धंदेवाली. पहिलीचे नाव वार्षिक अहवालात येते, दुसरीचे येत नाही.

आता नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय उघडा. तेथील सद्गुणी स्त्री विसाव्या वचनात गरिबांपुढे हात पसरून त्यांना देते आणि चोविसाव्या वचनात तागाची वस्त्रे तयार करून विकते. दोन्ही वचनांतली स्त्री एकच आहे. अठराव्या वचनात तर आपला व्यापार किफायतशीर आहे हे ती पारखते असे म्हटले आहे. शास्त्राला यात लाज वाटत नाही. पौल प्रेषितानेही करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा केला (प्रे. कृ. १८:३). आणि इफिसकरांस पत्र ४:२८ मध्ये हातांनी श्रम करण्याचे कारण तो काय देतो? गरजवंताला देण्यास आपल्याजवळ काही असावे, हे. ज्या हातात काही येतच नाही, तो हात देणार कोठून?

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. १८९७ च्या दुष्काळाच्या दिवसांत ज्या मुली व विधवा त्यांनी केडगावला आणल्या, त्यांना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शिक्षणाबरोबर शिवण, विणकाम, छपाई असे उद्योग त्यांनी त्यांच्या हाती दिले.

३. आतली शिवण

विकणाऱ्या भगिनीची खरी परीक्षा मात्र शिवणीच्या आतल्या बाजूला आहे. बाजारात गिऱ्हाईक फ्रॉक हातात घेते ते रंग पाहते, झालर पाहते, लेस पाहते. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. तेथे कापडाच्या कडा तशाच सोडल्या असतील तर काखेत व मानेवर घासतात, दोन धुण्यांत दसा निघतात. कडा आत दुमडून दुसरी टीप मारायला दोरा लागतो आणि वेळ लागतो, आणि ते काम बाजारात कोणालाही दिसत नाही. बाळ रडते, पण काय टोचते ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने शिवणारीनेच विचार केला पाहिजे. बटण ओढून पाहावे. सैल बटण मूल तोंडात घालते. तान्ह्याच्या गळ्याशी लांब नाडी ठेवू नये. ती अडकून गळफास बसू शकतो. टाचण्या मोजून लावाव्या आणि मोजून काढाव्या. कृत्रिम धाग्याच्या कापडाला सुती म्हणून विकू नये. लेवीय १९:३५-३६ मध्ये मापे व वजने खरी असावीत असे सांगितले आहे. शिवणाऱ्याच्या बाबतीत कापडाचे नाव आणि शिवणीची मजबुती हेच माप व वजन होय.

ज्या शमुवेलाला आईने लहानपणी झगे शिवले, त्याच शमुवेलाला परमेश्वराने पुढे इशायाच्या घरी शिकवले की मनुष्य बाहेरचे पाहतो, पण परमेश्वर अंतःकरण पाहतो (१ शमु. १६:७). आतली शिवणही त्याच्या दृष्टीआड नाही.

४. घासाघीस

आतापर्यंत आम्ही विकणाऱ्या भगिनीविषयी बोललो. आता विकत घेणाऱ्यांकडे वळू, कारण ते बहुधा आपणच असतो.

नीतिसूत्रे २०:१४ मध्ये एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेताना तो वस्तूला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर बढाई मारतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो मनुष्य आजही आपल्या बाजारात फिरत आहे. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. एका फ्रॉकला सुती कापड ८० रुपयांचे, अस्तर २५ चे, दोरा-बटण-लेस १५ ची, आणि बाजारात येण्याजाण्याचा व जागेचा खर्च त्या नगावर १० धरला, तर १३० रुपये झाले. बेतणे, शिवणे, काज-बटण व इस्त्री मिळून तीन तास धरा. फ्रॉक २२० ला विकला तर तिच्या हाती ९० रुपये, म्हणजे तासाला ३० राहतात. आपण घासाघीस करून तो १६० ला आणला, तर तीन तासांचे ३० रुपये, तासाला १०. आपण कापडाची किंमत कमी केली नाही, रिक्षाचे भाडे कमी केले नाही. कमी केली ती फक्त तिची मजुरी.

ज्या आईच्या गाठीला खरोखरच पैसे नाहीत, तिच्याविषयी आम्ही हे बोलत नाही. गरीब गरिबाला समजून घेतो. पण मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देऊन, भक्ती झाल्यावर मंडळीतील भगिनीला मात्र "आपल्यातलीच आहेस, कमी कर" म्हणणारे आपण कोण? आपलेपणाने तिने स्वतः होऊन कमी घेतले तर ते दान आहे, दुर्कसेचे दान. परंतु दान ओढून घेता येत नाही. ओढून घेतले की त्याला दुसरे नाव पडते. शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याला यिर्मयाने हाय हाय म्हटले आहे (यिर्मया २२:१३). याकोबाने सांगितले आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते (याकोब ५:४). वर्षभर तिच्या मजुरीतून कापलेले पैसे नाताळात एका साडीने फिटत नाहीत.

५. फळ कोणाच्या हाती?

पाठांतराच्या वचनात सांगितले आहे की त्या स्त्रीच्या हातांचे फळ तिला द्यावे. सोळाव्या वचनात ती आपल्याच कमाईतून द्राक्षमळा लावते. म्हणजे तिच्या पैशाचा हिशेब तिच्या हाती होता. आपल्या घरांत तसे आहे काय? बाजारातून आल्यावर ओच्यातले पैसे कोणाच्या खिशात जातात? ते मुलांच्या शाळेसाठी, दशांशासाठी आणि पुढच्या कापडासाठी तिच्या विचाराने खर्च होतात, की दाराशी येताच संपतात? पतींनी या प्रश्नाचे उत्तर प्रभूसमोर द्यावे.

६. मंडळीने काय करावे

पहिले, आठवड्यातून एक दुपार मंडळीची खोली शिवणाऱ्या भगिनींसाठी उघडी ठेवावी. कापड बेतायला मोठे टेबल एका खोलीच्या घरात नसते. दुसरे, चार-पाच जणींनी मिळून ठोक भावाने सुती कापड घ्यावे. एकटीला मिळते त्याहून ते स्वस्त पडते. तिसरे, कायद्याची माहिती करून द्यावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमण्याची, विक्रेत्यांची पाहणी करण्याची व त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली आहे. समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असेही त्यात आहे. चौथे, नाताळात गरीब मुलांना कपडे वाटायचे असतील तर ते याच भगिनींकडून पूर्ण मजुरी देऊन शिवून घ्यावेत. मग एकाच कपड्यात गृहिणीचा व्यापार आणि दुर्कसेचे दान दोन्ही येतील.

दुर्कस मेली तेव्हा विधवांना काय गमावले ते कळले. आपल्यामधील शिवणारे हात जिवंत आहेत, तोवरच त्यांचे मोल आपल्याला कळावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत हाताने काही तयार करून विकणाऱ्या भगिनी किती आहेत? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?
२. आपल्या कामाची "आतली शिवण" कोणती? जे कोणी पाहत नाही, ते आपण कसे करतो?
३. बाजाराचा दिवस रविवारी येत असेल, तर त्या भगिनीच्या भक्तीसाठी मंडळीने वेळेची कोणती सोय करावी?
४. गेल्या महिन्यात आपण कोणाच्या मजुरीत घासाघीस केली? ती भरून कशी देता येईल?

प्रार्थना

हे प्रभो, तू सुताराच्या घरी वाढलास आणि श्रमाचे मोल जाणतोस. रात्री दिव्याखाली शिवणाऱ्या आमच्या भगिनींच्या डोळ्यांना व हातांना बळ दे. त्यांची शिवण खरी आणि आमचा व्यवहारही खरा असू दे. आमेन.