प्रवाळाचे अदृश्य सोबती

कर्जतच्या डोंगरकुशीतून आम्हांस समुद्र दिसत नाही. तरी आमच्या वाहनांचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचतो. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश वायू समुद्र शोषतो. त्यामुळे औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ झाला, आम्लता २५ टक्क्यांहून अधिक वाढली.

मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळ हा दगड नव्हे, तो सजीव आहे. प्रवाळांच्या अंगावर व ऊतींत असंख्य जिवाणू नांदतात. काही नायट्रोजन पुरवतात, काही रोगजंतूंना रोखतात. पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून हाच वायू जेथे बाहेर पडतो, तेथील दोन प्रवाळजातींत एंडोझोइकोमोनास हे सोबती जिवाणू निम्म्याने घटलेले आढळले.

प्रवाळ जपायचा, तर त्याचे सोबतीही जपले पाहिजेत. इंधनाची बचत हा त्याचा आरंभ आम्ही येथूनच करू शकतो.