नोंदवहीबाहेरचे खेळाडू

आपल्याकडे क्रिकेटचे विक्रम तोंडपाठ असणाऱ्यांची वाण नाही. अमेरिकेत तोच मान बेसबॉलच्या आकड्यांना आहे. एकाच टोल्यावर चारही बेस फिरून येणे म्हणजे होम रन. बेब रुथने असे ७१४ होम रन काढले, आणि हा आकडा तेथे कित्येक वर्षे आदराने उच्चारला गेला. परंतु कोणताही विक्रम वाचताना एक प्रश्न विचारावयास हवा : तो नोंदला गेला तेव्हा मैदानात उतरण्याची मुभा कोणाला होती?

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. वर्णभेद मात्र संपला नाही. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरिष्ठ स्पर्धेत खेळला. पण पुढे लवकरच ही दारे बंद झाली. त्यासाठी लेखी नियम केला गेला नाही. संघमालकांचा मूक करार पुरेसा ठरला. लेखी नियमाविरुद्ध दाद तरी मागता येते. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध कोठे जावे?

कृष्णवर्णीयांनी मग स्वतःचे मैदान उभारले. १९२० साली रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. सॅचेल पेजसारखा चेंडूफेकीचा जादूगार आणि जॉश गिब्सनसारखा घणाघाती फलंदाज हे अशाच स्पर्धांतून पुढे आले. त्यांचे सामने हजारो लोक पाहत. पण त्यांचे पराक्रम अधिकृत नोंदवहीत चढत नसत.

ही कोंडी फुटली ती १५ एप्रिल १९४७ रोजी. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या २८ वर्षांच्या खेळाडूला मैदानात उतरविले. त्याला करारबद्ध करण्यापूर्वीच रिकींनी बजावले होते, की अपमान होतील, आणि त्यांना हाताने वा तोंडाने उत्तर न देण्याचे धैर्य त्याला दाखवावे लागेल. गंमत अशी, की त्या ऐतिहासिक दिवशी रॉबिन्सनच्या बॅटीतून एकही यशस्वी फटका निघाला नाही. त्याने एक धाव मात्र काढली व डॉजर्स ५–३ असे जिंकले. केवळ धावफलक पाहणाऱ्याला त्या दिवसाचे मोल कळणार नाही. पुढे शिव्याशाप सोसत रॉबिन्सनने त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू हा मान मिळविला आणि १९४९ साली तर तो नॅशनल लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

पेजला वरिष्ठ स्पर्धेत प्रवेश मिळाला तो १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी. ज्या वयात इतर खेळाडू निवृत्त होऊन बसलेले असतात! गिब्सनच्या वाट्याला तेवढेही आले नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी अवघे तीन महिने, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो वारला.

दार उघडले तरी द्वेष सरत नाही. हँक आरन रुथच्या विक्रमाजवळ पोहोचला तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे त्याने ७१५ वा होम रन मारला, तेव्हा गर्दीतून वाट काढीत त्याची आई धावत आली आणि तिने लेकाला घट्ट मिठी मारली. सारा देश जल्लोष करीत असता त्या माउलीच्या मनात कोणती धास्ती असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी बेसबॉलच्या चालकांनी १९२० ते १९४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना वरिष्ठ दर्जा दिला. जुन्या वृत्तपत्रांतून संशोधकांनी चिकाटीने वेचलेले आकडे मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदीत घेण्यात आले. त्या नोंदीनुसार फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन .३७२ वर, तर आजवर अग्रस्थानी असलेला टाय कॉब .३६७ वर होता. मरणानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी गिब्सन पहिला आला!

हा न्याय खरा, पण अपुरा. नोंदवही दुरुस्त करता येते. हिरावलेले मैदान परत देता येत नाही. म्हणून विक्रमवीरांची यादी वाचताना, जे त्या यादीच्या दारातच अडविले गेले त्यांचेही स्मरण आपण ठेवू या.