घाई करणारा, जपून खेळणारी: मुलांचा स्वभाव आणि बुद्धिबळातली प्रगती



शनिवारी बऱ्याच शाळांत आता बुद्धिबळाचे पट बाहेर निघतात. मोहऱ्यांच्या चाली शिकवायला दोन-तीन आठवडे पुरतात. खरा प्रश्न पुढे येतो. काही महिन्यांनी काही मुलं पुढे सरकतात, काही जिथल्या तिथे राहतात, काही तर पटाकडे फिरकतच नाहीत. आपण लगेच म्हणतो, "त्याला डोकंच नाही." मला हे पटत नाही. माझ्या पाहण्यात अडलेलं मूल बहुतेक वेळा स्वतःच्या स्वभावापाशी अडलेलं असतं, आणि आपण शिकवणारे त्या स्वभावाकडे बघतच नाही.

प्रत्येक वर्गात एक घाईवाला असतो. त्याला कुणीतरी, बहुधा मोठ्या भावाने, चार चालींत मात शिकवलेली असते. वजीर आणि उंट मिळून समोरच्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर धावून जायचं, की डाव संपला. आठ दिवस तो वर्गाचा राजा असतो. मग एखादी मुलगी आधी वजिराकडचा घोडा काढून मधलं प्यादं राखते, वजीर अंगावर आला की राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवते. आता वजिराला पळावं लागतं आणि त्याच्यामागे तिचा दुसरा घोडाही बाहेर पडतो. घाईवाल्याकडे पुढची योजनाच नसते. तो हरतो, चिडतो आणि पुढच्या डावात तेच करतो, फक्त आणखी जोरात!

दुसरं टोक म्हणजे जपून खेळणारं मूल. कडेची प्यादी एकेक घर सरकवायची, मोहरी मागच्या रांगेत ठेवायची, संधी मिळताच वजिराला वजीर मारून टाकायचा आणि "बरोबरी करू या का?" असं विचारायचं. हे मूल आरडाओरडा करत नाही, म्हणून आपलं लक्षही जात नाही. मुलींच्या बाबतीत तर आपणच "नीट, जपून खेळ हं" असं सांगून ही सवय पक्की करतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेही अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवून. तिचा खेळ आक्रमक म्हणूनच ओळखला जातो.

आता यात चूक कोणाची शैली? कोणाचीच नाही. दोन जगज्जेत्यांकडे पाहा.

रीगाचा मिखाइल ताल हा हल्ल्याचा बादशहा. मोहऱ्यांचे बळी देऊन असा गुंता करायचा की समोरच्याला घड्याळ पुरत नसे. १९६० मध्ये मॉस्कोत बॉटविनिकला हरवून तो २३ व्या वर्षी जगज्जेता झाला. बॉटविनिक तेव्हा ४८ वर्षांचा. पण पुढच्याच वर्षी परतीच्या सामन्यात बॉटविनिक तालच्या डावांचा कसून अभ्यास करून आला. वजिरांची अदलाबदल, शांत डाव, लांबलेले शेवट, म्हणजे तालला जे नको तेच त्याने पटावर आणलं आणि १३-८ असा सामना जिंकला. ताल तेव्हा आजारी होता हेही खरं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. १९७३-७४ मध्ये हाच ताल सलग ९५ डाव हरला नाही! हल्ला करणं त्याने सोडलं नव्हतं. हल्ला कधी करायचा नाही, हे त्याला कळलं होतं.

टिग्रान पेट्रोस्यान अगदी उलट. आपण काय करणार यापेक्षा समोरचा काय करू पाहतोय हे तो आधी बघायचा. १९६२ मध्ये कुरासाओला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. तिथे २७ डावांत तो एकदाही हरला नाही आणि १९६३ मध्ये जगज्जेता झाला. पण गंमत बघा, हाच सावध माणूस स्वतःचा हत्ती देऊन बदल्यात फक्त घोडा किंवा उंट घेण्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे सावध असणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. आपल्या वर्गातलं जपून खेळणारं मूल या दोहोंपैकी नक्की काय करतंय, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वर्गात मी एक खेळ दोन्ही प्रकारच्या मुलांना देते. पटावर फक्त दोन राजे आणि सगळी सोळा प्यादी. बाकी मोहरी डब्यात. ज्याचं प्यादं आधी वजीर होईल तो जिंकला. घाईवाल्याच्या हाताशी हल्ल्याचं हत्यारच नसतं, त्यामुळे त्याला मोजावं लागतं: माझं प्यादं किती चालींत पोचेल, त्याचं किती? आणि जपून खेळणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. बुद्धिबळात "माझी चाल राहू दे" असं म्हणता येत नाही ना! एक वेळ अशी येते की प्यादी एकमेकांसमोर अडून बसतात आणि राजाला पुढे निघावंच लागतं. ज्या मुलाने कधी राजा हलवला नव्हता, ते मूल तेव्हा दहा मिनिटं विचार करतं.

घाईसाठी आणखी एक साधी सवय म्हणजे विचार संपेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. "चाल आधी लिही, मग खेळ" असं काही जण सांगतात, पण स्पर्धेत चाल खेळण्याआधी लिहायला परवानगी नाही, म्हणून ती सवय वर्गातही नको. डाव मात्र लिहायलाच हवा. हरलेले तीन डाव एकत्र ठेवून बघितले की मूल स्वतःच सांगतं, "बाई, मी प्रत्येक वेळी घोडा फुकट देतोय." हे आपण दहा वेळा सांगून उतरत नाही.

बुद्धिबळाने गणित आपोआप सुधारतं असा दावा मी करणार नाही. पण उदाहरणाची शेवटची ओळ न वाचता उत्तर लिहिणारा आणि पटावर झटकन वजीर उचलणारा पुष्कळदा एकच असतो, एवढं मात्र नक्की दिसतं.

पालकांना एक विनंती. मूल खेळून घरी आलं की पहिला प्रश्न "जिंकलास का?" हा नको. "कुठल्या चालीला जास्त वेळ लागला?" असं विचारा. घाईवाला गोंधळेल, कारण कुठेच वेळ लागलेला नसतो. जपून खेळणारं मूल बहुधा पट मांडूनच दाखवायला बसेल. तेव्हा बसा त्याच्यासमोर, खेळ येत नसला तरी. घरी पट नसेल तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरं आखली तरी चालतं. फक्त मांडताना दोघांच्याही उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येतंय ना, तेवढं आधी बघून घ्या.