‘स्कोप’ नंतर, आधी दिवस कसा जातो ते विचारा

सीईटीचा निकाल लागला की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसबाहेर चपलांचा ढीग पडतो. आत येण्याचा क्रमही ठरलेला. पुढे वडील, हातात प्लास्टिकची फाइल. मागे आई. सगळ्यात शेवटी तो किंवा ती, मान मोबाइलमध्ये. “सर, एआयडीएस (एआय आणि डेटा सायन्स) मिळेल का? नाहीच मिळालं तर कॉम्प्युटर. अगदीच नाही तर आयटी.” त्यानंतर काय, असं विचारलं की तिघांचेही चेहरे पडतात, जणू मी घरातल्या कुणाचं दुखणं काढलं.

ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, कुठलं कॉलेज वर टाकायचं, सीट फ्रीझ कधी करायची हे दहा मिनिटांत सांगून होतं. त्यासाठी मला फी देऊ नका, शेजारचा सेकंड इयरचा पोरगा फुकट सांगेल. ज्याला खरंच प्रोग्रॅमिंग आवडतं त्यानं खुशाल तिकडे जावं. पण ज्या मुलानं आजवर प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही आणि ज्याला गणित म्हटलं की झोप येते, त्याला ‘सगळे तिकडेच चाललेत’ म्हणून ढकलणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. आधी मेकॅनिकलची, मग ईअँडटीसीची, मग बायोटेकची लाट मी याच खुर्चीत बसून पाहिली. प्रत्येक लाटेत पालकांची वाक्यं तीच होती, फक्त शाखेचं नाव बदलत गेलं.

मी संशोधनाचं नाव काढलं की उत्तर येतं, “म्हणजे बीएस्सी? काहीच मिळालं नाही की जातात ते?” आणि लगेच, “त्याला स्कोप काय?”

स्कोप सांगतो, पण आधी माझा प्रश्न. तुमच्या मुलाला दिवसभर काय करत बसायला आवडतं? विषय कुठला आवडतो हे मी विचारत नाही. दहावीत भूगोल आवडतो म्हणजे बहुतेक वेळा भूगोलाच्या बाई आवडतात. संशोधनात माणूस विषयाच्या नावासोबत राहत नाही, कामाच्या पायऱ्यांसोबत राहतो, आणि प्रत्येक शास्त्राच्या पायऱ्या वेगळ्या. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष ही चार डब्यांची गाडी शाळेच्या पुस्तकापुरती ठीक आहे. गणितज्ञाकडे प्रयोगशाळा नसते. भूशास्त्रज्ञाला डोंगर पुन्हा घडवून बघता येत नाही. द्राक्षाची नवी जात काढणाऱ्याचा निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.

गणिताचं उदाहरण नाशिककरांना दूर शोधायला नको. द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. 1949 मध्ये त्यांनी 6174 या संख्येची गंमत मांडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, म्हणजे 3087. पुन्हा तसंच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174. यापुढे कितीही वेळा करा, 6174 च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता येतं. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा ते जगभर माहीत झाले. यातल्या पायऱ्या बघा: आकडेमोड करत राहायची, काहीतरी पुन्हा पुन्हा दिसतंय असं वाटलं की तेच मोडून काढायचा प्रयत्न करायचा, मोडेना तर का मोडत नाही ते सिद्ध करायचं. खर्च कागद-पेन्सिलीचा. ज्या पोराला कागद घेऊन तासन् तास एकटं बसता येतं, त्याचं हे काम. जो पाच मिनिटांत मागच्या पानावर उत्तर शोधतो, त्याचं नव्हे.

निफाडकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले होते. पोरगी हुशार, पण कोचिंग क्लासला वैतागलेली. घरची द्राक्षबाग. तिला मी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या एआरआय-516 या जातीची गोष्ट सांगितली. ‘कॅटावबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून आलेली ही रसाळ जात, बुरशीला बऱ्यापैकी टिकणारी. संकर म्हणजे काय करतात? फुलाची टोपी सुटायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची. बी धरलं की रोप करायचं. रोपाला फळ येईपर्यंत वर्षं जातात, आणि आल्यावर बहुतेक रोपं उपटून टाकावी लागतात. उरलेल्यांची परीक्षा हंगामामागून हंगाम. वडिलांना ते पटत होतं. मग मी म्हणालो, “चाचणीत एक ओळ फवारणीशिवायच सोडावी लागते, तुलनेसाठी.” ते उडालेच. “सर, डावणीची बुरशी आली तर बाग जाईल की!” बरोबर आहे त्यांचं. बागायतदार बाग वाचवतो, संशोधक ती एक ओळ मरू देतो आणि रोज जाऊन किती मेली ते लिहितो. मुलगी हसत होती. तिला फरक कळला होता.

बाकीचं भराभर सांगतो. पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. तिथे कुणी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. आधी प्रस्ताव लिहून वेळ मागायची, मग ओळखीच्या स्रोताकडे तबकड्या वळवून मापं जुळवून घ्यायची, मग निरीक्षण, आणि त्यानंतर कितीतरी दिवस माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट आकड्यांतून गाळत बसायचं. ज्यांना कोडिंगच हवंय त्यांच्यासाठी तिथे डोंगराएवढं काम पडलंय, पण खगोलशास्त्र आणि कोडिंग एका घरात नांदतात हे पालकांच्या कानी नसतं. रसायनशास्त्रात एकच विक्रिया चाळीस वेळा करायची तयारी हवी. औषधाच्या चाचणीत कुणाला खरं औषध मिळालं हे डॉक्टरपासूनही लपवतात. रुग्णाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही अशा मुलानं एमबीबीएसच करावं.

आता माझ्या आवडीचं, पुरातत्त्व. तक्रार चालेल, पण यालाच जास्त जागा देणार.

याच रस्त्यानं सोमेश्वर ओलांडून पुढे गेलात की गंगापूर लागतं. धरण सगळ्यांना माहीत. धरणापेक्षा जुनी गोष्ट सहसा कुणाला ठाऊक नसते. गंगापूरजवळच्या गंगावाडीला गोदावरीच्या काठच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी त्यांवर 1952 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास, 1950-51 मध्ये, जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीचं आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याचं उत्खनन त्यांनी आणि शां. भा. देवांनी केलं, त्याचा अहवाल 1955 मध्ये आला. आज देशभरचे पुरातत्त्वज्ञ ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात, ते त्या गावावरून.

या कामाच्या पायऱ्या मुलांना सांगताना मी त्यांना थेट काठावर नेतो. पहिलं काम पायपीट. नदीनं काठ कापलाय तिथे उभं राहायचं. तळाला काळा बेसाल्ट, वर गोट्यांचा घट्ट बसलेला थर, त्यावर गाळ. कुदळ नंतर, आधी टेप लावून थर मोजायचे, वहीत काढायचे, त्यांना नंबर द्यायचे. पात्रात सुटी पडलेली हातकुऱ्हाड कितीही सुबक असो, तिची साक्ष कच्ची. पाण्यानं ती कुठूनही आणली असेल. तीच थरात रुतलेली मिळाली तर साक्ष पक्की, आणि म्हणूनच उपसण्याआधी नोंद हवी, फोटो हवा. गढीच्या खणात आणखी भानगड. वरचा थर नवा, खालचा जुना, हे खरं, पण उंदराचं बीळ असेल तर वरचा मणी खाली घरंगळतो आणि हजार वर्षांनी म्हातारा होतो. मातीचा रंग कुठे बदलला हे ओळखता येईपर्यंत निष्कर्षाला हात लावायचा नाही. धुणं, शाईनं नंबर घालणं, वर्गवारी, तुलना, आणि सगळ्यात शेवटी नाव. आपल्याकडे लोक आधी नाव ठेवतात आणि मग पुरावा शोधतात. सोशल मीडियावरचा इतिहास पाहा.

हीच नजर भूशास्त्रात लागते, आणि तिथे तर पोटापाण्याचीही सोय आहे. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात. उतारावरचं पाणी वाहून जातं, आणि बेसाल्टमध्ये ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. भेग कुठे आहे हे ज्याला कळतं त्याची बोअर सहसा कोरडी जात नाही. यासाठी निरीक्षण विहिरींत टेप सोडून, ठरलेल्या महिन्यांत, वर्षानुवर्षं पातळी मोजावी लागते. केंद्रीय भूजल मंडळ हे वर्षातून चारदा करतं, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वेगळी. बीएस्सी भूशास्त्र, मग आयआयटीच्या जॅम परीक्षेतून एमएस्सी (भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो), मग यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा, तिथून 1851 पासून चालू असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा भूजल मंडळात. पीएचडी करायची तर नेट देऊन जेआरएफ शिष्यवृत्ती, 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं. पहिल्या नोकरीत एवढा पगार न मिळणारे इंजिनिअर मी रोज पाहतो. तरी माझ्याकडे आलेल्यांपैकी भूशास्त्राचा फॉर्म भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण विचारलं की आई म्हणते, “उन्हातान्हात फिरायचं, सर?” हो, बाई. उन्हातान्हात.

आता पालकांना एक टोचणारी गोष्ट. मुलांनी संशोधन करावं असं वाटत असेल तर आधी त्यांची प्रॅक्टिकलं त्यांना करू द्या. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली दोन वर्षं पोरं प्रयोगशाळेचं तोंड बघत नाहीत, जर्नल शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीचं बघून उतरवतात, रीडिंग उत्तरावरून मागे जाऊन बसवतात. शाळेत ज्वालामुखी बाबांनी केलेला, बारावीत टायट्रेशन शेजाऱ्याचं. चूक झाली तर चूक लिहायची असते, हे त्या मुलाला घरात कुणी कधी सांगितलेलंच नसतं. 98 पर्सेंटाइल घेऊन असा मुलगा लॅबमध्ये गेला की पहिल्या फसलेल्या प्रयोगाला रडतो.

म्हणून मी एक कोरी वही देतो. तीस दिवस, रोज ठरलेल्या वेळी, एकच गोष्ट मोजायची आणि लिहायची: तुळशीची उंची, टाकीच्या पाण्याचं तापमान, काहीही. बऱ्याच वह्या परत येत नाहीत. एक आली ती तिसाव्या दिवसापर्यंत आईच्या सुंदर अक्षरात भरलेली.

गेल्या पावसाळ्यात आनंदवल्लीचा एक मुलगा वही घेऊन आला. घरामागच्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली, ते त्यानं दोराला खडा बांधून मोजलं होतं. सतराव्या-अठराव्या दिवशी रिकामी जागा, त्यात लिहिलेलं: ‘ताप होता, मोजलं नाही.’ तेविसाव्या दिवसाचा आकडा एका रेघेनं खोडलेला, बाजूला: ‘दोर भिजून ताणला होता, नव्या दोरानं पुन्हा मोजलं.’ वडील वही चाळत म्हणाले, “दोन दिवस अंदाजानं टाकले असते तर पूर्ण दिसली असती ना, सर?”

मुलानं तेव्हा पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली. “पप्पा, मोजलंच नव्हतं.”