पाचवीच्या मुलाला कोणती कोडिंग भाषा लावू? – एका आईचा प्रश्न आणि डाइक्स्ट्रा यांची मतं

मागच्या पालकसभेनंतर पाचवीतल्या एका मुलाची आई थांबली. "मॅडम, क्लासवाले म्हणतात आत्ताच कोडिंग लावा, नाहीतर पोरगं मागं पडेल. फी म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. कोणती भाषा चांगली ते तरी सांगा."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी डीएड झालेली, संगणकाची पदवी नाही. म्हणून वाचायला बसले आणि एका माणसाची मतं सापडली. त्यातली काही आपल्या वर्गात थेट उपयोगी पडतात, एक मात्र मला पटलं नाही.

कोण हे डाइक्स्ट्रा?

एड्सगर डाइक्स्ट्रा (1930–2002) हे नेदरलँड्सचे प्रोग्रामर. 1957 साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' सांगितला, पण असा व्यवसायच नसतो म्हणून तो मान्य झाला नाही! 1972 साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची त्यांची रीत आजही शिकवली जाते. ती त्यांना 1956 मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत सुचली, साधारण वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता. पुढे त्यांनी तेराशेच्या वर क्रमांकित टिपणं लिहिली, त्यातली बरीचशी फाउंटन पेनाने. आधी विचार, मग यंत्र, हा त्यांचा आग्रह.

मत 1 : उड्या नकोत

1968 साली त्यांनी 'गो टू' या आज्ञेविरुद्ध लिहिलं. 'गो टू' म्हणजे प्रोग्राममध्ये एका ओळीवरून थेट दुसऱ्या ओळीवर उडी. आपली सापशिडीच! सोंगटी 40 वर दिसली, तर ती चालत आली, शिडीने चढली की सापाने खाली आणली, हे पटाकडे बघून सांगता येतं का? नाही. तसंच प्रोग्राम वाचताना इथवर कसं पोहोचलो हे कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मग उड्यांऐवजी काय? आपल्या मराठीत ते शब्द आहेतच : 'आधी–मग', 'जर–तर', 'जोपर्यंत–तोपर्यंत'. "जोपर्यंत बादली भरत नाही, तोपर्यंत तांब्याने पाणी ओत." झालं की कोडिंग!

मत 2 : मोजणी शून्यापासून

1982 च्या एका टिपणात ते म्हणतात, मोजणी 0 पासून करा आणि सुरुवात धरून शेवट सोडा. वर्गात विचारून बघा : पान 5 पासून पान 9 पर्यंत वाचलं, तर किती पानं झाली? बरीच मुलं 9 – 5 = 4 म्हणतात. मोजली तर 5 भरतात. "5 पासून, 10 यायच्या आधीपर्यंत" असं म्हटलं की 10 – 5 = 5, वजाबाकी बरोबर जुळते. पट्टी 0 ऐवजी 1 वर ठेवणारी मुलं आठवली ना?

मत 3 : एक उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर नसते

चाचण्या घेऊन चूक सापडते, पण चूक नाहीच हे सिद्ध होत नाही, असं ते सांगत. माझ्या वर्गात एकाने 16/64 मधले दोन्ही 6 खोडले आणि 1/4 लिहिलं. उत्तर बरोबर! मी त्याला 12/24 दिलं. त्याने 2 खोडून परत 1/4 लिहिलं. खरं उत्तर 1/2. 'बरोबर'ची खूण करण्याआधी "कसं केलंस?" हे विचारायलाच हवं.

जे मला पटलं नाही

1975 साली त्यांनी लिहिलं की, आधी बेसिक भाषा शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्य. बेसिक ही 1964 मध्ये अमेरिकेच्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी केलेली सोपी भाषा, इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून.

शिक्षक म्हणून मला हे मान्य नाही. "याचा पायाच कच्चा, हा आता सुधारणार नाही" असं आपणही कधी कधी बोलून जातो. वर सांगितलेला 6 खोडणारा मुलगा त्या आईचाच. मी "कसं केलंस?" विचारल्यावर आठवड्याभरात त्याने रीत स्वतः दुरुस्त केली. चुकीच्या सवयीने मूल कायमचं बिघडत नाही. विचारणारं कोणी नसलं, तर मात्र ती सवय पक्की होते.

घरी करून बघा

मुलाला चहाची कृती पायऱ्या-पायऱ्यांनी लिहायला सांगा. मग तुम्ही फक्त लिहिलं तेवढंच करा. "साखर टाक" लिहिलं, पण डबा उघडायचं राहिलं, तर डबा बंदच ठेवा. पोरं हसतात आणि कृती दुरुस्त करतात. फक्त गॅस मोठ्यांनीच पेटवायचा.

त्या ताईंना मी सांगितलं, "ताई, यंदा फी राहू द्या. वही-पेन्सिल आहे, जर–तर आहे. एवढं पक्कं झालं की पुढे कोणतीही भाषा शिकेल." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी चहाची कृती कशी लिहिली, ते नक्की कळवा.