रात्रीचे बारा तास आणि इजिप्तचा सूर्य



'इजिप्त' म्हटलं की मुलं लगेच ओरडतात, "ममी!" मग भुतांच्या गोष्टी निघतात आणि धडा तिथेच संपतो. पण तिथल्या थडग्यांतील चित्रे घाबरवण्यासाठी नव्हती. मग कशासाठी होती?

आधी नकाशा उघडा. थीब्ज शहर, म्हणजे आजचे लक्सर, नाईलच्या पूर्व तीरावर. राजांची थडगी मात्र पश्चिम तीरावर. असं का? मुलांनाच विचारा. सूर्य पश्चिमेला मावळतो! मरण म्हणजे मावळणं. आणि मावळलेला सूर्य सकाळी परत येतोच ना?

तिसरा थुतमोस या राजाच्या थडग्यात (इ.स.पू. 15वे शतक) भिंतींवर रात्रीचे बारा तास रंगवले आहेत. सूर्यदेव रा नावेत बसून पाताळातून जातो. सहाव्या तासाला, ऐन मध्यरात्री, तो मृतांचा देव ओसायरिस याच्याशी एकरूप होतो आणि त्याला नवे बळ मिळते. पुढच्याच तासात अपोफिस हा महासर्प वाट अडवतो. बाराव्या तासाला सूर्य 'खेपरी' होऊन, शेणकिड्याच्या रूपात, नव्याने जन्मतो. शेणकिडा गोळा ढकलत नेतो, तसा खेपरी सूर्याला ढकलतो, अशी ही कल्पना. राजाही सूर्यासोबत पुन्हा जन्मावा, म्हणून ही चित्रे.

1922 मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात एका भिंतीवर 12 बबून वानरे दिसतात. तो या प्रवासाचा पहिला तास. सहाव्या रामसेसच्या थडग्याच्या छतावर आकाशदेवी नूत आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते.

माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, सूर्य सापाकडून हरला तर?" मी क्षणभर थांबले. इजिप्तच्या लोकांनाही हीच तर धास्ती होती! 'ती त्यांची अंधश्रद्धा' म्हणून हा प्रश्न झटकू नका. वर्गात एखाद्याचे आजोबा नुकतेच गेलेले असतात. माणसाने मरणाच्या भीतीला कसं तोंड दिलं, हे त्याला या चित्रांतून कळू शकतं.

घरी करून पाहा: वहीत मोठे वर्तुळ काढून त्याचे 12 भाग करा. पहिल्या भागात वानरे, सहाव्यात ओसायरिस, सातव्यात साप, बाराव्यात शेणकिडा. उरलेल्या तासांत काय घडत असेल, ते मुलांना ठरवू द्या.